पिझ्झ्याचं पीठ: शहाद्याच्या मित्राला पत्र

अमळनेर
१२ मे

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीला सुट्टीत घरचा पिझ्झा हवाय आणि तू दुकानातून तयार बेस आणायच्या बेतात आहेस, हे ऐकून राहवलं नाही. ते बेस आणू नकोस. पिशवीतल्या त्या कोरड्या चकत्यांवर कितीही चीज घातलं तरी खाली चव म्हणून काही नसते, आणि पिझ्झ्याची निम्मी चव तर खालीच असते. पीठ मळणं आपल्या घरांना काही परकं काम नाही. फोनवर मापं सांगून उपयोग नव्हता, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. वहिनींनाही वाचून दाखव, कारण यातलं बरंचसं त्यांच्या हातांना आधीच ठाऊक आहे.

लागतं ते एवढंच: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२० मिलिलिटर, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि एक मोठा चमचा तेल. यात नऊ-दहा इंचांचे चार पिझ्झे होतात. जमलं तर वजनकाटा वापर. वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला, यावरच पन्नास-साठ ग्रॅमचा फरक पडतो आणि मग पाण्याचा अंदाज बिघडतो. नेपल्सला तर पिठात तेलही घालत नाहीत. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस. पण त्यांची लाकडाची भट्टी ४३० अंशांच्याही वर तापलेली असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. आपला घरचा ओव्हन फार तर २५०पर्यंत जातो, पिझ्झा आत आठ-दहा मिनिटं राहतो आणि तेवढ्या वेळात वाळायला लागतो. तेल घालायचं ते त्यासाठी.

पाण्याचं माप वाचून वहिनी म्हणतील, एवढ्याने पीठ हाताला चिकटेल. चिकटेलच, आणि सुरुवातीला ते चिकटायलाच हवं. नेमकं याच वेळी लोक घाबरतात आणि वरून मूठ-मूठ मैदा टाकत जातात. पीठ हाताला सुटतं, गोळा गुळगुळीत दिसतो, सगळ्यांना बरं वाटतं; आणि भाजल्यावर हाती येते ती जाड, कडक भाकर. मैदा टाकू नकोस. सगळं एकत्र कालव, कोरडं पीठ कुठे दिसेनासं झालं की परातीवर ओलं फडकं टाक आणि वीस मिनिटं बाजूला हो. मग हाताला थोडं तेल लावून मळायला घे. मघाशी जे पीठ बोटांना धरून बसलं होतं, ते आता हातात यायला लागलेलं दिसेल. तू काही न करता ते सुधारलेलं असतं.

हे मला कुणी पिझ्झेवाल्याने शिकवलेलं नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय मांड्यांचं पीठ भिजवते तेव्हा मी लहानपणापासून तिच्याजवळ बसत आलोय. गहू ओलवायचे, वाळवायचे, दळून आणायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, आणि मग ते सैलसर भिजवून इतकं तिंबायचं, आपटायचं की हातावर घेतलं तर खाली ओघळू लागतं पण तुटत नाही. पुरण भरलेला तो गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढतो आणि खापरावर जाऊन पडतो. मी घाई केली की माय म्हणायची, "पीठले जरा दम लेवू दे." पुढे पिझ्झ्याबद्दल जेवढं वाचलं आणि जेवढं करून पाहिलं, त्यात याहून मोठी गोष्ट मला सापडली नाही.

कारणही सरळ आहे. गव्हात मुख्यतः दोन प्रथिनं असतात, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंतून जाळं बनवतात, ते ग्लुटेन. एकाने पिठाला ताकद येते, ओढलं की ते मागे येतं. दुसऱ्याने ते लांबतं. मळताना जाळं घट्ट होतं, थांबलं की सैलावतं. म्हणून नुकत्याच मळलेल्या पिठाचा पिझ्झा थापायला गेलं तर ते आक्रसून परत येतं, आणि तासभर ठेवलेलं पीठ हवं तेवढं पसरतं. मांड्याला आणि पिझ्झ्याला हा एकच नियम लागू आहे. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. ती बातमी वाचली तेव्हा खरंच आनंद झाला, आणि लगेच डोळ्यांसमोर आपल्या खानदेशातल्या त्या बाया आल्या, ज्या लग्नाच्या मांडवात चुलीशी बसून दिवसभर मांडे टाकत असतात. त्यांच्या हातातली कला तसूभरही कमी नाही, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

तर मळणं. आठ-दहा मिनिटं, तळहाताच्या टाचेने पुढे ढकलायचं, घडी घालायची, फिरवायचं. झालं की नाही ते असं बघ: लिंबाएवढा गोळा तोडून चारी बोटांनी हळूहळू ताण. पातळ पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि तो फाटला नाही, तर पीठ झालं. फाटला तर पाच मिनिटं झाकून ठेव आणि पुन्हा थोडं मळ.

मैद्याबद्दल तू नक्की विचारशील, कारण काकूंना मैदा चालत नाही. घरच्या गव्हाची कणीक घालता येते. लोकवनची असेल तर ३५० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम कणीक घे. पाणी वीस-तीस मिलिलिटर वाढव, कारण चक्कीच्या पिठात कोंडा असतो आणि दळताना स्टार्चचे कण भरडले जातात, ते दोन्ही जास्त पाणी पितात. भाजल्यावर गव्हाचा जो खमंग वास येतो, त्यासाठी मला हे मिश्रणच जास्त आवडतं. सगळी कणीकच घेतली तर मात्र जाळी पडत नाही. कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे कापत राहतात आणि फुगलेली हवा टिकत नाही. काकूंसाठी निम्मी कणीक घेऊन करून बघ, त्याच्या पुढे जाऊ नकोस.

दही आणि खायचा सोडा घालून अर्ध्या तासात करतात तेही मला माहीत आहे. ते नानसारखं होतं, गरम गरम खायला बरं लागतं. पण सोड्याने फक्त हवा मिळते. यीस्ट जिवंत असतं, पिठातल्या स्टार्चपासून तयार झालेली साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड तर निघतोच, पण थोडा अल्कोहोल आणि कितीतरी वास-स्वादही तयार होतात. ते व्हायला वेळच द्यावा लागतो. लेकीला घरचा पिझ्झा खाऊ घालायचा आहे ना, मग तो वेळ दे.

आता आपल्या उन्हाचं बघ, कारण पुस्तकातली मापं थंड मुलखातली असतात. "कोमट पाण्यात यीस्ट घाला, उबदार जागी दोन तास ठेवा," असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकलेला असतो. स्वयंपाकघर हीच उबदार जागा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला येतं ते हात पोळेल इतकं तापलेलं असतं. ते पिठात अजिबात घालू नकोस. साधारण ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान यीस्ट मरतं, आणि मेलं नाही तरी इतक्या गरम पिठात ते भराभर फुगून जातं, आंबूस वास मारतं आणि चव मागेच राहते. माठातलं पाणी घे. यीस्ट निम्मं कर. एवढं केलंस तरी पीठ तासाभरात दुप्पट होईल, म्हणून घड्याळाकडे न बघता पिठाकडे बघ. ओल्या बोटाने दाब. खळगा सावकाश, अर्धवट भरून आला तर तयार. झटकन भरला तर अजून वेळ आहे. तसाच राहिला तर जास्त झालं, लगेच गोळे करून भाजायला घे. डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्री पारा दहाच्या खाली उतरला की पीठ थिजल्यासारखं बसून राहतं. तेव्हा पाणी कोमट घे आणि भांडं उबदार जागी ठेव.

पण उन्हाळ्यात माझी खरी शिफारस फ्रिजची आहे. रात्री जेवणं झाल्यावर पीठ मळ, यीस्ट फक्त एक ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याहून जरा जास्त. अर्धा तास बाहेर ठेवून चार गोळे कर, तेल लावलेल्या झाकणाच्या डब्यांत एकेक ठेव, डबा गोळ्याच्या दुपटीहून मोठा हवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढ. थंडीमुळे यीस्ट हळूहळू काम करतं, आणि चोवीस तासांत पिठाला जी चव येते ती दोन तासांत कितीही यीस्ट घातलं तरी येत नाही. कड भाजल्यावर तांबूस ठिपके दिसतात, तेही या मुरलेल्या पिठालाच छान येतात. दोन दिवस ठेवलंस तरी चालेल. थापायच्या आधी उन्हाळ्यात तासभर बाहेर ठेवलं की पुरे.

यीस्ट विकत घेताना पुडीवरची तारीख बघ आणि दुकान कुठलं तेही बघ. पत्र्याच्या छपराखाली पूर्ण उन्हाळा काढलेली पुडी तारखेच्या आधीच दुबळी होते. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि थोडं यीस्ट टाक, दहा मिनिटांत वर फेस जमला तर जिवंत आहे. इन्स्टंट यीस्ट सरळ पिठात मिसळतं. ज्यावर 'ॲक्टिव्ह ड्राय' लिहिलंय ते मात्र आधी कोमट पाण्यात फुलवून घ्यायचं. उघडलेली पुडी घट्ट डब्यात, फ्रीजरमध्ये.

थापताना लाटणं हातात घेऊ नकोस, एवढी माझी विनंती आहे. रात्रभर पिठात जमलेली हवा लाटण्याने एका फटक्यात निघून जाते. ओट्यावर थोडा रवा भुरभुर, गोळा ठेव, बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत जा, कडेची बोटभर जागा सोड. मग हातांच्या मुठींवर उचलून फिरव, स्वतःच्या वजनाने तो पसरेल. हे काम वहिनींना दे. कडेची ती सोडलेली जागा भाजताना फुगते आणि तीच मुलं आधी तोडून खातात.

तुझ्याकडे ओव्हन नाही हे माझ्या लक्षात आहे. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा काढ. चांगला तापव, थापलेला पिझ्झा त्यावर टाक, वर फोड यायला लागले आणि खाली डाग पडले की उलट. आता भाजलेली बाजू वर आली, तिच्यावर सॉस, चीज, काय ते घाल, आच मंद कर आणि उंच झाकण ठेव. पाच-सात मिनिटांत चीज वितळतं आणि खालची बाजू कुरकुरीत होते. नॉनस्टिक तवा असा रिकामा तापवायचा नसतो, तो वापरू नकोस. पुढे कधी ओव्हन घेतलास तर याच तव्याला आत ठेवून अर्धा-पाऊण तास २५०वर तापव आणि पिझ्झा त्यावर सरकव. थंड ट्रेवर ठेवलेला पिझ्झा खालून पांढराच राहतो.

वर काय घालायचं ते लेकीला ठरवू दे. फक्त कमी घाला. टोमॅटो लसणीवर आटवून घट्ट केलेला हवा, पाणी सुटलं की तळ मऊ पडतो. आमच्याकडे थंडीत भरताची हिरवी वांगी येतात ना, ती पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजून, पाणी निथळून, कांद्याच्या पातीबरोबर मी पिझ्झ्यावर घालतो, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. चीज त्यावर अगदी थोडं. तू डिसेंबरात आलास की करूच.

पहिल्यांदा निम्म्या मापाने कर, म्हणजे २५० ग्रॅम मैद्याचं. पीठ किती वेळात दुप्पट झालं आणि त्या वेळी स्वयंपाकघरात कसं तापलेलं होतं, ते मला कळव, म्हणजे तुमच्याकडच्या हवेला यीस्ट किती घालायचं ते नक्की सांगता येईल. शहाद्यात चांगलं यीस्ट मिळालं नाही तर तसं सांग. पुढच्या आठवड्यात धाकट्या भावाची तिकडे फेरी आहे, त्याच्याबरोबर बर्फाच्या डब्यात घालून पाठवतो. काकूंना आणि वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
अमळनेरचा दोस्त