सीनानं थाप मारली

निपाणी
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

प्रिय पंक्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. तुझ्या तीन मेसेजना मी नुसता अंगठा दाखवला आणि दिवाळीत तू आलास तेव्हा कोल्हापूरला जाऊन बसलो. मुद्दाम नाही, दुकानाचा हिशेब खरंच होता. पण एक फोन करायला हिशेब आडवा येत नाही, एवढं मलाही कळतं. आतासुद्धा फोन न करता वहीची पानं फाडून लिहितोय, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘ते सगळं ठरलेलं असतंय रे’ म्हणशील आणि मला जे सांगायचंय ते राहून जाईल.

घरचं सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. आप्पांची साखर जेवणाआधी मोजली की बरी येते, म्हणून ते जेवणाआधीच मोजतात. ऊस अजून उभा आहे, तोड मिळेना. बेळगावात अधिवेशन चालू आहे, त्यामुळे तिकडच्या कामाला सध्या कोणी जात नाही.

तर सीनानं थाप मारली, पंक्या.

हे हिला सांगितलं तर म्हणाली, “कुणाला मारली? तुम्हालाच मारली असणार. वीस वर्षं मारतोयच की.” म्हणून तुला लिहितोय. आता गावात असं कोणी उरलं नाही की ज्याला हे वाक्य एकदाच सांगून कळेल.

रविवारी पहाटे साडेसहाला डब्ल्यूडब्ल्यूईतली जॉन सीनाची शेवटची कुस्ती लावून बसलो. (नेटफ्लिक्स तुझ्याच पासवर्डवर चालतं, त्याचे वेगळे आभार मानत नाही.) वॉशिंग्टनला तिकडे शनिवारची रात्र. आधीच्या कुस्त्या बऱ्या होत्या. तो नायजेरियाचा ओबा फेमी बघितलास का? अंगानं कसला आहे! कोडीबरोबर त्याची जोड छान रंगली होती आणि मध्येच ड्र्यू मॅकिन्टायर घुसला, सगळं नासवलं. आपल्याकडच्या मैदानात असं झालं असतं तर लोकांनी पंचाला माती चारली असती.

मग शेवटची जोड, सीना आणि गुंथर. गुंथर पाठीवर चढून गळा आवळतो, हा सुटतो. पुन्हा आवळतो, हा पुन्हा सुटतो. सीनानं ठेवणीतला डाव, अॅटिट्यूड अॅडजस्टमेंट, दिली तरी तो गडी उठतोच आहे. शेवटी परत तोच गळा. मी उशी धरून बसलेलो. सीनाच्या तोंडावर हसू आलं, अगदी बारीक, सुटलो एकदाचा म्हणतात तसं, आणि त्यानं हार मानल्याची थाप हातानं मारली. वीस वर्षांहून जास्त काळात ज्यानं कधी मारली नाही, ज्याच्या टोपीवर, टॉवेलवर, मनगटावर ‘नेव्हर गिव्ह अप’ लिहिलेलं, त्यानं. नंतर पंकनं आणि कोडीनं आपापले पट्टे त्याच्या खांद्यावर टाकले. हो, तुझ्या पंकनं. बूट आणि मनगटाचे पट्टे रिंगमध्येच ठेवून तो निघून गेला. कंपनीचा कारभारी ट्रिपल एच आला तर लोकांनी हुर्यो उडवली, आणि मी इथं पाय पोटाशी घेऊन त्यांच्यात सामील झालो.

आता माझं म्हणणं ऐक. हरण्याबद्दल तक्रार नाही. जाणाऱ्यानं पाठ लावून जायचं, ही त्या धंद्यातली जुनी रीत. रिक फ्लेअर २००८ ला शॉनला हरून गेला (परत आला ते सोड), शॉन २०१० ला अंडरटेकरला हरून गेला. सीनानंही चीत व्हावं. तीन मोजून होईपर्यंत पडून राहावं, झालं. पण थाप? पडणं म्हणजे दुसऱ्यानं पाडलं. थाप म्हणजे स्वतः होऊन ‘बस झालं’ म्हटलं. या दोन्हींत निपाणी आणि न्यूयॉर्कएवढं अंतर आहे. आणि द्यायचीच होती तर त्या ओबाला द्यायची, त्याचा जन्म उजळला असता. गुंथरला काय कमी होतं? जुलैत गोल्डबर्गलाही त्यानंच घरी पाठवलं. काल त्यांच्या रॉ शोमध्ये असा छाती काढून आला होता की टीव्हीला चप्पल मारावीशी वाटली. टीव्ही हप्त्यावरचा आहे.

सगळं वर्षच त्यांनी असं वाया घालवलं. टोरांटोत त्याला व्हिलन केला, तेव्हा मी तुला रात्री मेसेज केला होता, आठवतंय? मला वाटलं, आता बघ कसली धमाल करतात. आणि ज्याच्यासाठी तो व्हिलन झाला तो रॉकच गायब. एप्रिलमध्ये त्या गाणाऱ्या पोराला मध्ये आणून सतरावा पट्टा जिंकवला. सतरावा! ज्याची आपण आठवीपासून वाट बघितली तो असा चोरून. मग ऑगस्टमध्ये एका रात्रीत परत चांगला झाला, कोडीला हरला. सप्टेंबरात ब्रॉकनं त्याला पोत्यासारखा आपटला. खरी कुस्ती वर्षात एकच, ऑक्टोबरात पर्थला एजे स्टाइल्सबरोबर. दोघं म्हातारे, पण काय लढले! ती बघितली नसशील तर पासवर्ड तुझाच आहे, बघ.

तू म्हणशील, २०११ ला शिकागोत पंकनं त्याला हरवून पट्टा उचलून गर्दीतनं पळ काढला, तेव्हा तुला हे सगळं कळायला हवं होतं. तेव्हा तू ज्या पद्धतीनं मला चिडवलंस आणि फ्लाइंग किस दिलास, त्यावरनं तुझं नाव पडलं ते पडलंच. लग्नपत्रिकेवर खरं नाव वाचून निम्मं गाव विचारत होतं, हा कोण?

आता मुख्य.

बारक्या माझ्याशेजारी बसला होता. नऊ वर्षांचा झालाय. शनिवारच्या बाजारातनं घेतलेला तो मनगटाचा बँड झोपतानाही काढत नव्हता. सीनानं थाप मारली तसा त्यानं बँड काढून टीव्हीखाली टाकला आणि परसात गेला. सोमवारी पहाटे आप्पा तालमीला न्यायला उठवायला लागले तर म्हणतो, “मी येत नाही. सीना पण सोडतोय.”

तालमीत तो गणपतीपासून जातो, आणि आप्पांचा सगळा जीव त्याच्यात. मी तीन महिन्यांत लंगोट टाकून पळालो, त्याचा सूड ते नातवाकडनं वसूल करतायत असं आई म्हणते. आता गंमत बघ. टीव्हीतल्या कुस्तीला आप्पा पंचवीस वर्षं ‘नाटक’ म्हणतायत. अंडरटेकर शवपेटीतनं उठला त्या रात्री त्यांनी वायर उपटली होती, तू होतास. त्याच आप्पांना आता नातवापुढं सीनाची वकिली करायची वेळ आली.

रविवारी ते टीव्हीसमोर होते ते वेगळ्याच कारणानं. १४ डिसेंबर म्हणजे खंचनाळे अण्णांचा दिवस. २०२० ला गेले, आणि तेव्हापासून आप्पा या दिवशी तालमीतल्या फोटोला हार घालतात. एकसंब्याचा आपल्या बाजूचा माणूस १९५९ ला दिल्लीत बंतासिंगला लोळवून देशाचा पहिला हिंदकेसरी झाला, ही गोष्ट आपण दोघांनी किती वेळा ऐकलीय! तर आंघोळ करून, हार घेऊन निघालेले, आणि गुंथरनं गळा धरला तसे दारातच थांबले. शेवटपर्यंत उभे होते. काही बोलले नाहीत.

बोलले सोमवारी, बारक्याच्या अंथरुणावर बसून. मी पलीकडच्या खोलीत होतो, दार उघडं होतं.

“ह्ये बघ, त्यो सोडून पळाला न्हाई. म्हातारा झाला, तरण्याला पुढं केलं. रीत हाय ती. आमी उलटं केलं हुतं.”

“काय केलं हुतं आज्जा?”

“म्हाताऱ्याला जिकवलं.”

पंक्या, इथं थांबून मी दोन दिवस विचार केला की तुला लिहावं का नाही. आठवीत शाळेमागं तू म्हणालास, “माझ्या आज्यानं तुझ्या आप्पाला यात्रेत आसमान दाखवलंय.” मी म्हणालो, “आप्पानं मुद्दाम पाठ दिली.” मग तुझा दात. तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं, देवाशपथ. नाकाला मिरची झोंबली म्हणून तोंडाला आलं ते बोललो. तुझ्या काकूनं आमच्या दारात येऊन आईला ऐकवलं ते सगळं मी अजून शब्दाला शब्द सांगू शकतो.

आणि ते खरं निघालं.

आप्पा तेव्हा बावीसचे, अंगात रग. तुझे आजोबा, तात्या, पंचेचाळिशीला आलेले, शेवटचं मैदान जाहीर केलेलं. घरात तुझ्या मोठ्या आत्याचं लग्न ठरलेलं, आणि गावानं वर्गणी काढून इनाम धरलं ते लग्नाला उपयोगी पडावं म्हणूनच. पण इनाम जिंकणाऱ्याला. कोणी सांगितलं नाही, वस्तादांनीही नाही. आप्पा म्हणाले, खडाखडी झाली, हात धरला आणि कळलं की तात्यांच्या दंडात आता काही राहिलं नाही. दोनदा त्यांनी पट काढू दिला. तिसऱ्यांदा खाली बसले आणि घिस्सा लागू दिला. हलगी वाजली, लोकांनी तात्यांना खांद्यावर घेतलं.

“मग तुमी हरला?” बारक्या म्हणाला.

“मी हरलो त्येचं काय न्हाई रं. त्येस्नी कळलं.”

वर, खांद्यावरनं, तात्यांनी आप्पांकडं बघितलं म्हणे. फक्त बघितलं. आणि मरेपर्यंत आप्पांशी एक शब्द बोलले नाहीत. आता सांग, आपण दोघं पारावर बसायचो तेव्हा आप्पा आले की तात्या काठी घेऊन उठायचे, ते का ते आपल्याला कधी कळलं का? तू म्हणायचास वाटणीच्या बांधाचं काहीतरी असेल. मी म्हणायचो समितीच्या निवडणुकीचं. बांधही नाही आणि समितीही नाही.

बारक्यानं विचारलं, “मग तुमी सीनासारखी थाप का नाही मारली?” आप्पा म्हणाले, “आपल्या मातीत थाप न्हाई. पाठच लावावी लागती. थाप असती तर बरं झालं असतं. म्हाताऱ्यानं सोताच मारली असती आनि सोताच हसला असता. मी कशाला मधी पडलो असतो?”

म्हणजे ज्या गोष्टीवरनं मी तीन दिवस चिडलोय, तीच आप्पांना आवडली. मला अजूनही पटलेलं नाही. थाप चुकलीच. पण ते हसू मी काल रात्री मोबाइलवर चार वेळा परत लावून बघितलं.

खरी काळजी निराळीच आहे. दिवाळीनंतर वैनीनं स्टेटस टाकला होता, तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर तात्यांची गदा, खाली ‘आजोबांची शेवटची कुस्ती’. माझा मोबाइल आप्पांच्या हातात होता. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, परत बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “चांदी काळी पडू दिली न्हाई पोरानं.” तेव्हा मला वाटलं, कौतुक. आता कळत नाही काय वाटायला हवं. तुला न सांगावं तर दाताचा हिशेब अर्धाच राहतो. सांगावं तर तू त्या गदेकडं वेगळ्या नजरेनं बघशील. आणि काकांना सांगू नकोस, एवढं तरी माझं ऐक. तात्यांनी स्वतः तोंड उघडलं नाही ते आपण उघडायचं कारण नाही. मी उघडलंच आहे म्हणा. आप्पांना विचारलं का, तर नाही. मी ऐकलं हेही त्यांना माहीत नाही. बारक्याला माहीत आहे, आणि तो माझ्याकडं गप्प बसायचे पाच रुपये मागतोय.

गदा उतरवू नकोस बरं का. लग्न झालं ना त्यावर? तुझ्या आत्याच्या हातची पुरणपोळी आपण किती वर्षं खाल्ली.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे? चाकणला जायला-यायला दीड तास लागतो असं काका म्हणत होते. छोटीचा शाळेतल्या नाचाचा व्हिडिओ बघितला, कळवायचं राहिलं. वैनीला विचारलं म्हणून सांग.

बारक्या आज पहाटे तालमीत गेला. बँड घालून निघाला होता. आप्पांनी दारातच काढून स्वतःच्या खिशात ठेवला, मातीत खराब होतो म्हणाले.

यात्रेला ये. दाताचे पैसे आता मी देत नाही, तो दुधाचाच होता हे डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं.

तुझा,
शिन्या

ता. क. पासवर्ड इतक्यात बदलू नकोस. जानेवारीच्या शेवटी रॉयल रंबल आहे.