गर्दीचे खापर स्थलांतरितांवरच का?

शहरातल्या गर्दीचा विषय निघाला की खापर फुटते ते खेड्यातून येणाऱ्यांवर. पण विकसनशील देशांतल्या शहरवाढीत मोठा वाटा शहरातच जन्मलेल्या मुलांचा असतो, शिवाय हद्दवाढीत गिळलेल्या गावांचाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत शहरांत अडीच अब्ज माणसे वाढतील, त्यांतली जवळपास ९० टक्के आशिया-आफ्रिकेत. ढाका, लागोस, किन्शासा आजच बघा. आधी झोपडी उभी राहते, मग कशीबशी वीज येते, नळ कित्येक वर्षांनी. गटाराचे तर नावच नको. तोवर पाणी विकत घ्यायचे, तेही नळाच्या कित्येक पट दराने, आणि घेणार कोण, तर गरीब! लोंढे अडवण्याच्या गप्पा पुरे. वस्ती बसण्याआधीच रस्त्याची आणि जलवाहिनीची जागा नकाशावर राखून ठेवणे, एवढे तरी पालिकांनी करावे.

— एक वाचक