दोष बाबांच्या डोक्यात नाही, कॉलनीच्या आखणीत आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ज्येष्ठांच्या विस्मरणावरचा लेख कालच्या अंकात वाचला. घरचा रस्ता चुकला म्हणजे विस्मरणाला सुरुवात झाली, असं त्यात सरसकट म्हटलंय. ते वाचून माझे वडील दिवसभर गप्प होते, म्हणून हे पत्र.

बाबांचं वय 79. सोलापूरच्या जुन्या साखर पेठेत जन्म गेला, दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात आणलं. आमची कॉलनी लांबट चौकोनी, घरं एका साच्यातली, गेटं सगळी करडी. आमचं घर एका कोपऱ्यावर. गेल्या महिन्यात दूध आणायला गेले ते तासाभराने सापडले. बरोबर तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरच्या घराचं कुलूप आमच्या किल्लीने उघडत होते. हातातली दुधाची पिशवी कोमट झालेली. “सगळी गेटं एकच की रे,” एवढंच म्हणाले. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या ठीक निघाल्या.

केन चेंग या संशोधकाने 1986 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. आयताकृती पेटीत लपवलेलं खाणं शोधताना उंदीर योग्य कोपऱ्याइतकेच तिरक्या समोरच्या कोपऱ्यातही जात, कारण भिंतींच्या लांबी-रुंदीवरून ते दोन कोपरे सारखेच. 2022 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 38 देशांतल्या जवळपास चार लाख लोकांचा अभ्यास आला. माणूस ज्या घडणीच्या वस्तीत वाढतो, तशा घडणीत त्याला वाट नीट सापडते, असं त्यात दिसलं.

बाबा वाकड्या बोळांत वाढले. परवा जुन्या गावात कन्ना चौकातून कोंतम चौक, तिथून मधला मारुती, भर गर्दीत मला हाताला धरून त्यांनीच नेलं. वळण यायच्या आधीच पाय वळत होते त्यांचे. अशा माणसाला विसराळू म्हणायचं?

आमच्या कॉलनीत खुणेला उरली होती ती गल्लीच्या तोंडची पाटी. तिच्यावरही कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स महिनाभर लटकतोय. यावरही कधी लिहा.

गेल्या रविवारी आम्ही आमचं गेट निळं रंगवलं. तेव्हापासून बाबा एकदाही चुकले नाहीत. सोसायटीने मात्र एकसारखेपणा बिघडतो म्हणून त्याच गेटवर नोटीस चिकटवली आहे. रंग आम्ही काढणार नाही.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर