विंडोज ११ टाकण्याआधी हे तपासा

सभासदांनो, विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबले. ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा-चिप) लागते, रनमध्ये (विंडोज + आर दाबून) ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाकून बघा. सापडले नाही म्हणून लगेच नवा पीसी घ्यायला धावू नका. पुष्कळदा ते बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) नुसतेच बंद असते: तिथे इंटेल प्रोसेसरवर त्याचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. पण बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, नाहीतर बायोस बदलल्यावर डिस्क अडून बसेल.

इंटेलची सहावी पिढी किंवा त्याआधीचा प्रोसेसर असेल तर तपासणी चुकवून आडमार्गाने ११ टाकू नका. डीटीपीवाल्यांनी (अक्षरजुळणी करणाऱ्यांनी) डोंगलचा, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी पीसीला लावायच्या छोट्या किल्लीचा, ड्रायव्हर ११ वर चालतो का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. नाहीच जमले तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतल्या ‘गो बॅक’ने १० दिवसांत परतता येते, तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर उडवू नका.