उंच पोरांना जरा वेळ द्या ना

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या इंदूरात बास्केटबॉल खेळणारा पोरगा जरा उंच निघाला की त्याला सेंटर (रिंगखाली उभा राहणारा गडी) करून टाकतात, आणि पहिल्याच नॉकआउट मॅचमध्ये धक्के खाऊन हातातला बॉल सुटला की बसव बाकावर, वर घरचेच म्हणणार नुसता ताडासारखा वाढलाय. अमेरिकेच्या NBA लीगमधल्या, ओक्लाहोमाच्या चेट होल्मग्रेनचं बघा की! 7 फूट 1 इंच, अंगाने अगदी काडी. पायाच्या दुखापतीत 2022-23 चा अख्खा सीझन गेला, मग 2024 ला पहिल्यांदा प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) खेळला तर दुसऱ्याच राउंडला डलासने ओक्लाहोमाला 4-2 मॅचनी घरी पाठवलं, त्यांच्याकडे रिंगखाली गॅफर्ड, लाइव्हली असले दणकट गडी. पण क्लबने त्याला काढलं नाही, जोडीला हार्टेनस्टाइन हा आणखी एक सेंटर आणला. नोव्हेंबरात कमरेचं हाड मोडलं तरी गडी फेब्रुवारीत परत आला, आणि 2025 च्या फायनलच्या सातव्या मॅचमध्ये (आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाली, पोहे नंतर खाल्ले) 18 पॉइंट, 5 ब्लॉक (समोरच्यांचे शॉट हवेतच अडवले). वजन काय फार वाढलं नव्हतं हो, पण शॉट सुटायच्या आधीच पाय फाकवून, गुडघे वाकवून समोरच्याच्या मांडीला पाठ टेकवायची हे जमायला लागलं की कमी वजनातही जागा धरता येते.

आपल्याकडे समर कॅम्पमध्ये सगळा वेळ शूटिंग. कोच लोकांनी रोज अर्धा तास तरी या धक्काबुक्कीला द्यावा आणि हरलेल्या पोराला पुढच्या मॅचला परत उतरवावं, एवढंच म्हणणं.

एक वाचक, रामबाग, इंदूर