'कँटरबरी' पाणी वाहत होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण 'द एक्सपान्स' या अंतराळयुद्धाच्या इंग्रजी कादंबरीमालेवर वाचकांची मतं छापलीत. पूर्ण पान दिलंत, याचा मला फार आनंद झाला. पण पानाच्या माथ्यावर कथेचा जो सारांश आहे, त्यात 'कँटरबरी ही युद्धनौका नष्ट होते आणि युद्ध पेटतं' असं वाक्य आहे. कँटरबरी युद्धनौका नाही. शनीच्या कड्यांमधला बर्फ भरून मंगळ आणि गुरूमधल्या लघुग्रह पट्ट्यातल्या सेरेसकडे नेणारं ते जुनं मालवाहू जहाज आहे. सेरेसवर राहणाऱ्या माणसांचं पाणी त्यात आहे. एका शब्दाची चूक म्हणून मी गप्प बसलो असतो, पण त्या पानावरची निम्मी मतं याच चुकीवर उभी आहेत असं वाटलं, म्हणून हे पत्र.

मी रेल्वेच्या सोलापूर विभागात ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी मालगाडीवर, आधी सहायक आणि मग लोको पायलट म्हणून. २०१८ साली निवृत्त झालो. भाचा बंगळुरूला असतो, त्याने या मालेचा पहिला भाग आणून दिला. माझं इंग्रजी ड्युटीपुरतं. शब्दकोश मांडीवर ठेवून पहिला भाग वाचायला चार महिने लागले. २०११ ते २०२१ या काळात आलेले सगळे नऊ भाग पुरे करायला तीन वर्षं गेली. जेम्स एस. ए. कोरी हे लेखकाचं नाव टोपणनाव आहे. डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक असे दोघे मिळून या कादंबऱ्या लिहितात, हे मला तिसऱ्या भागापर्यंत माहीत नव्हतं.

एका वाचकाने लिहिलंय की या लढायांशी आपलं नातं जुळत नाही, श्रीमंत देशांच्या करमणुकीची ही गोष्ट आहे. त्यांना मला एप्रिल २०१६ ची आठवण सांगायची आहे.

लातूरला पाणी संपलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून १४४ कलम लावावं लागलं होतं. मिरजेहून रेल्वेने पाणी न्यायचं ठरलं. तेलाच्या टाकी वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीचे डबे, राजस्थानात कोट्याला आतून वाफेने धुऊन घेतल्या. १० वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला पहाटे लातूरला लागली. पुढे ५० वाघिणींच्या, २५ लाख लिटरच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांतल्या काही गाड्या कुर्डुवाडी ते लातूर या टप्प्यात माझ्या हाती आल्या.

कोळसा नेला, सिमेंट नेलं, खत नेलं, पण त्या गाडीसारखा माल पुन्हा हाताखाली आला नाही. बार्शीच्या पुढे एका फाटकावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. गाडी तिथे थांबणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीने इंजिनाला हात जोडले. मी हॉर्न दिला. दुसरं काय करणार? थोडं पुढे गेल्यावर सहायकाने विचारलं, "साहेब, कुणी गाडी अडवली तर आपण काय करायचं?" तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा होता. मला उत्तर देता आलं नाही.

नंतर कित्येक वर्षांनी कादंबरीत कँटरबरी फुटली, तेव्हा मी पुस्तक बंद करून अंगणात जाऊन बसलो. एका जहाजाने मदतीची हाक दिली म्हणून ही पाण्याची गाडी वाट वाकडी करून जाते आणि तिथे दबा धरून बसलेलं कुणीतरी तिला उडवतं. मेली ती पाणी वाहणारी माणसं. ही कथा कुणाला परकी वाटते, हे मला खरंच समजत नाही. सोलापुरात आमच्या पेठेत नळ काही दिवसांआड येतो. उजनीची साठवण ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. मे महिन्यात धरण किती टक्के वजा गेलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येतं. कादंबरीतल्या लघुग्रह पट्ट्यात राहणाऱ्या माणसांना हवेची टाकी किती भरली आहे, हे असंच तोंडपाठ असतं.

आता होल्डनबद्दल. सर्वांत जास्त वाद त्याच्यावर झाला आहे. छोट्या यानातून गेल्यामुळे वाचलेल्या पाच जणांचा हा म्होरक्या. मदतीची हाक देणाऱ्या त्या जहाजावर सापडलेल्या यंत्रावर मंगळाच्या नौदलाची खूण दिसते आणि तो हे सगळ्या सूर्यमालेला ऐकू जाईल असं प्रसारित करून टाकतो. दंगली होतात, युद्ध होतं. आपल्या पानावर एका बाईंनी 'खरं बोलला, त्यात त्याचा काय दोष' असं लिहिलं, तर एका तरुणाने त्याला मूर्ख ठरवलं. दोघांचंही मला पटलं नाही.

गाडी रुळांवरून घसरली तर लोको पायलटने पहिलं काय करायचं, हे आमच्या हाडात भिनवलेलं असतं. बातमी द्यायचीच, पण त्याबरोबर शेजारचा रूळ सांभाळायचा. त्यावर आपले डबे आडवे पडले असतील आणि समोरून भरलेली पॅसेंजर येत असेल. इंजिनावरचा लुकलुकता दिवा लावायचा, लाल झेंडी किंवा लाल दिवा घेऊन पळत सुटायचं, ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बांधायचे. चाक वरून गेलं की ते वाजतात आणि येणारी गाडी सावध होते. चूक कुणाची, रूळ तुटला की चाक, हे चौकशीत ठरतं. पहिल्या निरोपात कुठे, काय, शेजारचा रूळ मोकळा आहे की नाही, एवढंच असतं. होल्डनने बातमी दिली आणि शेजारचा रूळ उघडा टाकला. तो खोटं बोलला नाही. पण त्याच्या निरोपाच्या वाटेवर माणसांनी भरलेली किती वस्ती आहे, याचा त्याने क्षणभर विचार केला नाही. मिलर हा सेरेसवरचा पोलीस त्याला पुढे याबद्दल झापतो, आणि त्या भांडणात मी मिलरच्या बाजूने आहे. तरीही होल्डन मला आवडतो. कारण तो शिकतो. पण नऊ भाग लागतात त्याला.

लढाया कंटाळवाण्या आहेत, एक क्षेपणास्त्र पोहोचायला तासन् तास लागतात, जहाजं अर्ध्या वाटेत उलटी फिरतात, ही तक्रार तिघांनी केली आहे. मी तर तीच पानं पुन्हा पुन्हा वाचली. ५८ वाघिणींचा भरलेला रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, पाच हजार टनांच्या घरात जातो. तो सुटायला जितका जड, तितकाच थांबायला जड. ब्रेक लावल्यावर किलोमीटरभर तो तुमचं ऐकत नाही, पुढचा सिग्नल लाल दिसायच्या आधीच मनात थांबायला सुरुवात करावी लागते. अंतराळात चाकाला घासायला काहीच नाही. म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत वेग घ्यायचा, मग जहाज फिरवून इंजिन पुढच्या दिशेला करायचं आणि उरलेली अर्धी वाट वेग मारत जायचं. हे ज्यांनी लिहिलं, त्यांना वजन म्हणजे काय ते कळलं आहे. फार वेगाने वळायचं तर माणसाचं शरीर चिरडतं, म्हणून जेलच्या खुर्चीत झोपवून शिरेत औषध टोचतात, तेही वाचताना अंगावर येतं.

निरोपाला लागणारा वेळही तसाच. पृथ्वीवरून मंगळावर संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, दोन ग्रह कुठे आहेत त्यावर ते अवलंबून. २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा हा वेळ साडेबारा मिनिटांच्या आसपास होता आणि इंजिन २४ मिनिटं चालायचं होतं. अडचण आल्याचं इथे कळून, इथून हुकूम सुटून तो तिथे पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणून आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. या मालेतले कप्तान असेच भरून ठेवलेल्या आज्ञांवर आणि स्वतःच्या अकलेवर लढतात. नियंत्रण कक्षाशी बोलणं तुटलेल्या रात्री ज्याने गाडी चालवली आहे, त्याला ते एकटेपण समजेल.

एका प्राध्यापकांचा विज्ञानावरचा आक्षेप मात्र खरा आहे. सेरेसला भोवऱ्यासारखं फिरवून आत पृथ्वीच्या सुमारे एक-तृतीयांश वजन निर्माण केलंय असं कादंबरी म्हणते. सेरेसचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या ३ टक्क्यांच्या आसपास. त्याच्या दहापट ओढीने फिरवला तर तो खडक-बर्फाचा गोळा सांधून राहणार नाही. हे मी मान्य करतो. त्यांचा दुसरा मुद्दा असा की २०१५ मध्ये नासाचं डॉन यान सेरेसपाशी पोहोचलं आणि तिथे भरपूर बर्फ असल्याचं दिसलं, मग शनीहून बर्फ कशाला? पहिला भाग डॉन पोहोचण्याच्या चार वर्षं आधीचा आहे. दूरचित्रवाणीवर आलेल्या रूपांतरात याचं उत्तर दिलंय की सेरेसचा बर्फ पृथ्वी आणि मंगळाने कधीच खरवडून नेला. सोलापूरकराला हे उत्तर ऐकून आश्चर्य वाटत नाही. भीमा जवळून वाहते, धरण जिल्ह्यातच आहे, तरी आम्ही बादल्या मोजतो.

पट्ट्यातल्या माणसांचा राग मला म्हणूनच कळतो. पाचव्या भागात त्यांच्यातला एक गट पृथ्वीवर लघुग्रहांचे दगड सोडतो, ते मात्र कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. आपल्या पानावर एकाने त्या कृत्याला 'न्याय' म्हटलंय. ज्या वस्त्यांवर ते दगड पडले, तिथे पाणी अडवणारे अधिकारी नव्हते, घागरी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकाच होत्या. होल्डनची साथीदार आणि मूळची पट्ट्यातलीच असलेल्या नाओमीच्या तोंडून आणि तिच्या वागण्यातून लेखकांनीही हेच सांगितलंय. मालेतला हा भाग मला सर्वांत मोठा वाटतो. परग्रहावरचं ते विचित्र द्रव्य, ती दारं, ते दुसरे सूर्य, तिथे माझं मन फारसं रमलं नाही. सहाव्या भागानंतर कथा तीस वर्षं पुढे उडी मारते आणि बऱ्याच वाचकांनी तिथे माला सोडली. मी सोडली नाही. गुडघे दुखणारे, केस पांढरे झालेले लोक पुन्हा जहाज हाकायला बसतात, हे वाचायला मला या वयात बरं वाटलं.

आता भाषेचं. ही माला मराठीत यावी असं दोघांनी लिहिलंय आणि लगेच 'पट्ट्यातली खिचडी भाषा मराठीत आणता येणार नाही' असंही. का येणार नाही? त्या भाषेत अनेक देशांचे शब्द मिसळलेत, कारण कामासाठी सगळीकडून माणसं तिथे आली. सोलापुरात गिरण्यांसाठी आणि मागांसाठी हेच झालं. इथे एका चहाच्या टपरीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका वाक्यात येतात आणि शेवटी 'बे' लागतं. "काय बे, पानी आलं का?" हे सेरेसवर जसंच्या तसं चालेल. पट्ट्यातली माणसं मान डोलावण्याऐवजी हाताच्या खुणा करतात, कारण अंतराळाच्या पोशाखात मान दिसत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणारा आमचा शेजारी घरीसुद्धा हातानेच बोलतो. मी आणि गार्ड रात्रभर हिरव्या दिव्याच्या हालचालीवर एकमेकांना सांगत आलो की सगळं ठीक आहे. शब्द आमच्याकडे आहेत आणि खुणाही आहेत.

अवसराला हे आडनाव 'बनावट वाटतं' असं एका वाचकाने म्हटलंय. ते तेलुगू आडनाव आहे. संयुक्त राष्ट्रांचा कारभार हाकणारी, साडी नेसणारी, शिवराळ तोंडाची ही आजी मूळची आपल्याच बाजूची आहे. सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारावं.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून मराठीत विज्ञानकथा वाचणारी एक पिढी तयार झाली, मी त्यातलाच. लातूरच्या वाटेवरच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत, मी दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा वाचून झोपलो आहे. पण मोठी, अनेक खंडांची, कामगारांच्या बाजूने सांगितलेली अंतराळातली गोष्ट मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. कुणा प्रकाशकाने अनुवादाचं मनावर घेतलं, तर पट्ट्यातल्या माणसांचे संवाद सोलापूरच्या माणसाकडून लिहून घ्यावेत. पहिल्या प्रकरणाची अकरा पानं मी वहीत उतरवली आहेत, बर्फ भरण्याच्या कामावर एका कामगाराचा हात जातो तिथपर्यंत. ती कुणाला उपयोगी पडली तर आनंदाने देईन.

तूर्त आपल्याकडे एकच विनंती. येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी: 'युद्धनौका' याऐवजी 'बर्फ वाहून नेणारं मालवाहू जहाज' असं वाचावं.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट
रेल्वे लाइन्स, सोलापूर