घरगुती पोलादी लक्ष्य टांगण्यापूर्वी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी तुकडा कापून आणून तो गच्चीवर टांगणाऱ्या नागपुरातील हौशी एअर रायफल नेमबाजांना माझी कळकळीची विनंती आहे. मऊ लोखंडाला खड्डे पडले, की ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा त्या खड्ड्यातून थेट नेमबाजाकडेच उलटू शकतो. म्हणून पाटी सपाट, जाड व कठीण पोलादाची असावी आणि साखळीने सैल टांगताना तिची वरची कड नेमबाजाच्या दिशेने किंचित पुढे झुकवावी, म्हणजे छर्रे खालच्या वाळूत उतरतील. गोल पोलादी छर्रे मात्र पोलादावर कधीही झाडू नयेत. १० मीटरवरूनही संरक्षक चष्मा हवाच, सरावानंतर हात साबणाने धुवावेत, आणि गच्ची मुळीच नको. संक्रांतीच्या दिवसांत तर पतंगामागे धावणारी शेजारची मुले कधी समोर येतील, याचा नेम नसतो.

आपला,
एक नेमबाज पालक, धरमपेठ, नागपूर